आवडीचा तास

"बाई, हा चित्रकलेचा वर्ग ना?" दारातून डोकावत एका मुलीने विचारलं.

"शेजारचा," शिवणाच्या बाई म्हणाल्या. "पळ लवकर, नाहीतर जागा नाही मिळायची."

मुलगी पळाली. शिवणाच्या वर्गात आज आलेली ती एकटीच, आणि तीही चुकून. बाईंनी सकाळीच मशिनना तेल घातलं होतं, बॉबिन भरून ठेवल्या होत्या. आता त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. भिंतीपलीकडे बाकं सरकवल्याचे आवाज येत होते.

आजपासून सातवीच्या मुलांनी हस्तकलेचा विषय आपला आपण निवडायचा होता. आजवर मुलं हजेरीच्या क्रमाने वाटून दिली जात. "तुझ्या वाट्याला काय आलं?" "शिवण. तुझ्या?" मुलं हे असं बोलत, जणू ताप वाट्याला आलाय. बाईंना ते टोचायचं. म्हणून मागच्या बैठकीत, एरवी तोंडातून ब्र न काढणाऱ्या बाई उठून म्हणाल्या, "मुलांना निवडू द्या ना. कापड ओढून मारलेली टीप टिकत नाही." मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, कल्पना फार आवडली. टाळ्या झाल्या. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणाऱ्याला टाळ्या सहसा मिळत नाहीत, बाईंना मिळाल्या.

तास संपायच्या आत मोठ्या बाई स्वतःच आल्या. शिवणाच्या बाई सवयीने उठून उभ्या राहिल्या.

"अहो, शेजारी मुलं खिडकीत बसलीयेत. अर्धी इकडे पाठवते."

"स्वतःहून येतायत?"

"स्वतःहून कशाला, मी सांगते ना. वर्ग रिकामा राहिला तर बंदच करावा लागेल बाई. तुम्ही फक्त हो म्हणा."

पलीकडे कुणीतरी खदाखदा हसलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे बाईंना कळत होतं. पण वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं झालं होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "हसतायत ती. बसू देत तिथेच."

"हट्ट कशाला करताय?"

"हट्ट नाही हो. आधी निवडा म्हणायचं आणि मग दंडाला धरून आणायचं, बरं दिसत नाही ते."

मोठ्या बाई मनाने वाईट नव्हत्या. त्या एका बाकावर टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मग तुमचं काय? ग्रंथालय आहे, परीक्षेचं काम आहे, खालच्या वर्गांचं गणित आहे. म्हणाल ते देते. काय आवडेल तुम्हाला?"

बाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. शिवणाची जागा रिकामी होती, म्हणून त्या शिवण शिकवायला लागल्या होत्या. स्थळ चांगलं होतं, म्हणून लग्न. घरात सगळ्यांना लागायचं, म्हणून तिखट. "काहीही चालेल" हे शब्द ओठांवर आलेच होते. ते नेहमीच तयार असत. आज ते म्हणावेसे वाटेनात, आणि दुसरं काही सुचेना.

घंटा झाली. व्हरांड्यातून मुलं रंगाचे हात घेऊन नळाकडे धावली.

"सांगा ना," मोठ्या बाई म्हणाल्या. "घाई नाही."

"आधी जरा बसू का?" अजून उभ्याच असलेल्या बाईंनी विचारलं.