वीसच्या खालची हवा

मलप्पांच्या बरगडीतून निघालेली नळी खाटेशेजारच्या डिजिटल डब्यात जात होती. फुप्फुसाचा तुकडा काढल्यापासून आतून किती हवा गळते, ते हा डबा मिनिटामिनिटाला पडद्यावर दाखवायचा आणि वेळेसकट लक्षातही ठेवायचा.

"पाचपर्यंत आकडा वीसच्या खाली राहिला, तर नळी काढते. उद्या लातूरला जा," नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "बोलू नका. चिडू नका."

उद्या नात शिवानीचा साखरपुडा. सुपारी फोडायचा मान थोरल्याचा, म्हणजे मलप्पांचा. ते नसले तर धाकट्या भावाचा, वीरेशचा. नुसत्या ह्या विचारानं सकाळपासून आकडा दोनदा अठरावर जाऊन आला होता.

अडीच वाजता वीरेश आला. हातात शहाळं. अर्धं त्यानं वाटेतच प्यायलं होतं.

"कसं काय अण्णा?" तो पडद्याकडं बघत म्हणाला. "अकरा? लई कमी की."

मलप्पांनी तोंडावर बोट ठेवलं.

"उद्याची काळजी करू नगा. तुमचा कोट मला बसतोय. बाह्या तेवढ्या कापल्या."

चौदा.

"तुमच्या खुर्चीवर फोटो ठेवू म्हणले लोक. हार नगं म्हणलं मी. हाय अजून माणूस."

एकोणीस.

दोघा भावांची हयात हंडरगुळीच्या बैलबाजारात दलालीत गेलेली. तिथं भाव तोंडानं ठरत नाही. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरतो. मलप्पांनी उशाचा टॉवेल उचलून हातावर टाकला. वीरेशनं पस्तीस वर्षांच्या सवयीनं आपला हात त्याखाली सारला.

मलप्पांनी त्याचं मधलं बोट धरलं आणि अडेल बैलाची शेपटी पिरगाळावी तसं पिरगाळलं.

वीरेश असा केकाटला की शेजारच्या खाटेवर दोन दिवस बेशुद्ध असलेला माणूस "कोण गेलं?" म्हणाला.

पडद्यावर सहा. शस्त्रक्रियेनंतरचा सगळ्यात चांगला आकडा.

महानंदा सिस्टर धावत आल्या. "काय झालं हो?"

"ह्यानं बोट मोडलं माझं!"

"ह्यांनी? त्यांना तर बोलायचीबी बंदी हाय."

मलप्पांनी छताकडं तोंड करून पापण्या मिटल्या. तेवढ्यात वीरेश रडवेल्या आवाजात म्हणाला, "आता उद्या सुपारी कशानं फोडू, सिस्टर?"

मलप्पांना हसू आलं. आवरेना. नळी खुळखुळली, डबा शिटी मारू लागला. तीनशे चाळीस.

पाच वाजता डॉक्टरीणबाईंनी डब्यातला आलेख बघितला. "दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी काय केलंत?" नळी राहिली. वीरेशच्या बोटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. सकाळी भूल देऊन तार घालायची ठरली. दुसरीकडं जागा नव्हती, म्हणून खाट मलप्पांच्याच शेजारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मलप्पांच्या बायकोचा, नागम्मांचा, लातूरहून फोन आला. सिस्टरनी तो दोन खाटांच्या मधोमध धरला.

"सुपारी मीच फोडली," नागम्मा म्हणाल्या. "लई शांततेत झालं बघा. कोण कुणावर वरडलं न्हाई, कोण जेवणावरून उठलं न्हाई." मग म्हणाल्या, "लग्न पुढच्या महिन्यात हाय. तुम्ही दोघं आरामात ऱ्हावा तिकडंच."