आमच्या घरात न बोलायचा शब्द

आमच्या घरात ‘सोड’ हा शब्द नऊ वर्षं कुणी उच्चारला नाही. नळ सोडायचा नाही, उघडायचा. गाठ सोडायची नाही, मोकळी करायची. हट्ट तर मी तसाही सोडत नाही.

कारण उंचावरून ‘ओढ’ आणि ‘सोड’ सारखेच ऐकू येतात. आमचा धंदा झाडं तोडायचा. आमचे हे झाडावर होते, दोर माझ्या हातात. हे ओरडले ‘ओढ’, मी ऐकलं ‘सोड’. फांदी फिरली ती थेट यांच्या गुडघ्यावर. तेव्हापासून हे काठी घेऊन चालतात आणि विचारणाऱ्याला सांगतात, वारा होता. वारा कसला? माझे कान होते. त्या दिवसापासून झाडावर ‘सोड’च्या जागी ‘ढील’ म्हणायचं, असा कायदा मी केला. दोराला मात्र परत हात लावला नाही.

धंदा पुढे सुनेनं उचलला. ती वर चढते, मुलगा खाली दोर धरतो. हसणारे हसले. पुढे त्यांच्याच अंगणातली झाडं मोडली तेव्हा दार आमचंच वाजवलं.

परवाच्या वादळात शाळेतलं मोठं झाड मधूनच मोडलं आणि शेजारच्या झाडाच्या बेचक्यात अडकलं. बरोबर खाली बालवाडीचं कौलारू छप्पर.

“ज्यावर टेकलंय ते झाड बुडातून कापा,” बागखात्याचे साहेब म्हणाले. “दोन्ही एकदम येतील.”

“येतील की,” सून म्हणाली, “पण कुठं पडू, असं तुम्हाला विचारायला थांबणार नाहीत.”

तिनं हातोडीनं मागच्या तिसऱ्या झाडाचा बुंधा ठोकून बघितला. आवाज भरीव आला. “अडकलेल्यावर चढायचं नाही, त्याला धरून ठेवलेल्यावरही नाही. मी इथून जाते.”

सगळं ठरलं, आणि टेम्पोतून शिडी उतरवताना मुलाचं मनगट मुरगळलं. सुजून टम्म!

“दोर आई धरतील,” सून म्हणाली.

“डोकं फिरलंय का तुझं?”

“तुमच्याइतकी घाबरून दोर धरणारी मला कुठं मिळणार?”

बघा हिचं तोंड! माझ्याच हाताखाली तयार झालेलं.

वर तिसऱ्या झाडाला कप्पी बांधली. दोर कप्पीतून खाली, बुंध्याला तीन वेढे, आणि शेपूट माझ्या मुठीत. हे लांब बाकावर काठी टेकून बसले. फांद्या एकेक करून उतरल्या. राहिलं जाड खोड. सुनेनं ते बांधलं, करवत लावली. कडाड झालं, खोड बेचक्यातून सुटलं आणि दोराला लटकून छपरावर झोके घ्यायला लागलं.

“सोडा!” साहेब किंचाळले. “बाई, दोर सोडा!”

माझी बोटं आपोआप उघडायला लागली होती, खरं सांगते. तेव्हा सोडला असता तर खोड कौलं फोडून आत गेलं असतं. मी वर बघितलं. सून गप्प होती. झोका थांबायची वाट बघत होती.

“साहेब,” मी ओरडले, “वर माझी सून आहे, तुम्ही नाही! तोंड मिटा!”

झोका मंदावला. खोड कप्पीच्या सरळ खाली, छपराच्या बाहेर आलं.

“ढील!”

दिली. वीतवीत दिली. खोड खेळाच्या वाळूत असं टेकलं, जसं झोपलेलं मूल गादीवर ठेवावं. एक कौल हललं नाही. बालवाडीच्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या. साहेब चष्मा पुसत बसले, उगाचच.

सून खाली आली, माझ्याकडे बघून हसली. मी दोर तसाच आवळून उभी. मूठ उघडेचना. आमचे हे काठी टेकत जवळ आले आणि माझ्या मुठीवर हात ठेवला.

“आता सोड गं,” म्हणाले.

नऊ वर्षांनी. सूनसुद्धा दचकली.

“सोडते,” मी म्हणाले, “पण उद्याच्या झाडाला परत मीच धरणार. पोराचं मनगट बरं झालं तरी.”