पत्र्याची शिवण

मी बोलतोय तो या कोपऱ्यातून, चादरीखालून. वेल्डिंगचं मशीन आहे मी. टिग म्हणतात मला. रंग उडालाय, पंखा कुरकुरतो, पण आठवणी शाबूत आहेत.

दुकानात मी दाराआड पडून होतो. माणसं यायची, मशीन उचलून बघायची आणि हलकं असेल ते न्यायची. मी पडलो अवजड.

मग एक पत्राकामवाला बायकोला घेऊन आला. नोकरी सोडून ॲल्युमिनियमच्या टाक्या करायला निघाला होता. टाकी गळली, तर चूल पेटणार नव्हती. त्याने एक लहानसं चकचकीत मशीन उचललं.

"हेच घेऊ. काखोटीला मारून कुठेही नेता येईल."

"अहो, काखोटीला काय मारता! आधी आपला पत्रा जोडून बघा." बायकोने पिशवीतून तुकडा काढला.

ते मशीन लोखंडावर शहाणं. ॲल्युमिनियमवर मात्र नुसती काळी गुठळी झाली. दुकानदार ओशाळला. "याला एसी करंट नाही हो. ॲल्युमिनियमला एसीच लागतो." मग मला ओढून बाहेर काढलं. माझा प्रवाह उलटसुलट वाहतो, त्याने पत्र्यावरचा ऑक्साइडचा चिवट थर सुटतो आणि धातू आरशासारखा लकाकतो. मला घर मिळालं.

घरी निराळीच तऱ्हा. एका हातात माझा ठिणगी धरणारा टॉर्च, दुसऱ्यात जोडाची तार, पायाखाली प्रवाह कमी-जास्त करायचं पेडल. त्याचा पाय जड. रोज पत्र्याला भोकं.

"टाकी करताय की चाळणी?" बायको म्हणाली. ती कपडे शिवायची, मोटार लावलेल्या शिलाई मशीनवर. "सरका जरा. टोक आलं की पाय हलका करायचा. कॉलरला मी तेच करते."

पहिली टाकी तिनेच जोडली. पाणी भरून दोघं शेजारी उकिडवी बसली. त्याने शिवणीवरून बोट फिरवलं. कोरडं.

"अगं, मी कापतो, वाकवतो. जोडायचं तूच," तो म्हणाला. कमीपणा वाटला असेल, तर तो पत्र्यालाच ठाऊक.

किती टाक्या झाल्या! तिचा पाय पेडलवर टेकला की मला मूड कळायचा. भांडण झालेलं असलं तरी शिवण सरळच यायची.

आता तिची नजर अधू झालीय, मुखवट्याच्या काळ्या काचेआडून वितळलेला थेंब दिसत नाही. काम थांबलंय. तरी तो रोज चादर झटकतो आणि मला विकायचं उद्यावर ढकलतो.

कधी मला विकत न्यायला आलातच, तर एवढं करा. निघण्याआधी एक जोड तिला घालू द्या. दिसलं नाही तरी चालेल, मी सांभाळून घेईन.