डावखुरा वारा

माझ्या शेताची माती एवढी उतावळी, की तिच्यावर उभं राहायचीही भीती. एकदा गावच्या सुताराने तिथे काठी रोवून डुलकी काढली; उठला तर काठीला पानं! त्याने ती तोडून घरी नेली, तिचा पाट केला. त्याची बायको दर पावसाळ्यात तो पाट छाटायची. खोटं वाटत असेल तर सुताराला विचारा. तो आता हयात नाही, पण विचारा.

अशा मातीला वर्षभर गप्प बसवायचे सरकार मला पैसे देणार होतं. जमिनीला विश्रांती मिळावी म्हणून योजनाच तशी निघाली होती: काही पेरायचं नाही, साहेब येऊन पडीक रान बघणार, मग खात्यात अनुदान. पेरलेलं दिसलं की नाव कायमचं बाद. माझ्या विहिरीवरची मोटर जळून गेलेली. अनुदान आलं तर नवी मोटर. नाही तर पुढल्या साली पाणी नाही आणि रान दुसऱ्याला बटाईने द्यायचं.

मी रोज विळा घेऊन बांधावर बसायचो आणि डोकं वर काढणाऱ्या गवताला दटावायचो. मग लेक बाळंत झाली, तिच्या गावी जाणं आलं.

"दादा, बिनघोर जा," धाकटा भाऊ म्हणाला. त्याचं रान माझ्या बांधाला लागूनच. "मी राखतो. पाखराला बी टाकू देणार नाही."

"पाखराचं सोड, तू शिंकू नकोस तिथे."

हसला. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली, तेव्हा वडील म्हणाले होते, हा आता शेतीतून गेला. मीच त्याला डाव्या हाताने पेरायला शिकवलं. टाच दाबायची, बी सोडायचं. आमचं सगळ्यांचं बी टाचेच्या उजव्या अंगाला पडतं, त्याचं डाव्या.

लेकीकडून परतलो तो नेमका साहेबांच्या जीपमागोमाग. रानात बोटभर मका, रांगेत उभा!

"काय काका, हे पडीक?" साहेब म्हणाले.

मी काही बोलायच्या आत भाऊच पुढे झाला. "साहेब, दादाची मातीच तशी. काठीला पानं फुटतात म्हणून तोच सांगत असतो. वाऱ्याने बी आलं असेल."

जमलेली माणसं खो-खो हसली. जन्मभर ज्या थापांवर मी गाव हसवलं, त्यातलीच एक उचलून त्याने माझ्या पाठीत घातली.

मी खाली वाकलो. पावसाचा थेंब नसताना चिखल झाला होता आणि वाळलाही होता. त्यात टाचांचे ठसे पक्के बसलेले. प्रत्येक ठशाच्या डाव्या अंगाला एक कोंब.

"वारा डावखुरा होता म्हणायचा," मी म्हणालो.

साहेबांना काही कळलं नाही. भावाने डावा हात खिशात घातला. त्याच्या ठिबकचं अनुदान याच साहेबांच्या सहीला अडलं होतं. मी त्याचं नाव घेतलं असतं तर तेही गेलं असतं. तो बोलेल म्हणून मी वाट पाहिली. जीप सुरू होईपर्यंत पाहिली. माझं नाव बाद झालं.

संध्याकाळी तो दारात आला. "झालं ते वाईट झालं, दादा. आता मोटरीचं कसं करणार? रान मला बटाईने दे. पाणी माझ्या विहिरीचं."

"पाणी तर आधीच दिलंस की."

तो टाचेने अंगणातली माती उकरू लागला.

"नुसतं मागितलं असतंस," मी म्हणालो, "तर फुकट कसायला दिलं असतं रे."

"मग आता दे."

"आता ते पडीक राहील."

दुसऱ्या दिवशी मी तो मका उपटला, एकेक कोंब, आणि त्याच्या बांधावर रचून ठेवला. तेव्हापासून त्या रानात काही उगवत नाही, गवतसुद्धा नाही. पावसात काठी रोवून बघितली, ती कुजली. लोकांना ही माझी नवी थाप वाटते.