घाट न शिवता

सत्त्याण्णव साली पनवेलच्या काशिराम घरतनं विमान घेतलं, आणि तेही जुनं, तेव्हा बाजारात लोक पोट धरून हसले. जासईची जमीन कंटेनरवाल्यांना विकून माणूस बंगला बांधतो, फार तर निवडणुकीला उभा राहतो. याला विमान कशाला? हसणाऱ्यांचं तोंड कोण धरणार! काशिरामला विमानाची हौस नव्हतीच. त्याला बायकोला घाटापलीकडे न्यायचं होतं.

चार वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या घाटात ट्रकखाली त्यांचा मुलगा इंद्रजीत गेला. त्याच रस्त्यावर, प्रेताशेजारी बसून गुणाबाई ओरडली होती, "घाटात परत पाय ठेवला तर माज्या भाविकाची शपथ!" भाविका ही लेक, कोल्हापूरला दिलेली. दुःखात माणूस काहीबाही बोलून जातं, पण गुणाबाईनं ती शपथ काळजाशी धरली. लेकच माहेरी येऊन भेटायची. मग तिच्या किडन्या बिघडल्या, तिनं अंथरूण धरलं आणि डॉक्टर हलवू देईनात. लेक फोनवर म्हणायची, आयेला आणा. आई म्हणायची, मी घाट चढली तर ती जाईल. मोटार काय नि आगगाडी काय, कुठूनही गेलं तरी घाट चढावाच लागायचा.

"आन घाटाला पायच नाय लागला तर?" काशिरामनं एकदा विचारलं. "वरून गेलो तर?"

"वरून? मंग चालंल," गुणाबाई म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या रात्री पोटभर जेवण केलं.

जावई म्हणाला, भाड्यानं घ्या. पण आईला एकदाच जायचं नव्हतं, दर आठवड्याला लेकीच्या उशाशी बसायचं होतं. दलालानं परदेशातल्या एका मळेवाल्याचं वापरलेलं विमान शोधून दिलं. एकच इंजिन, पुढं पंखा, आत मात्र जेटसारखं टर्बाइन. छोट्या धावपट्टीवरही उतरणारं. परवानग्यांसाठी हेलपाटे घालून काशिराम मेटाकुटीला आला. विमान मुंबईत येऊन उभं राहिलं तोवर भाविकाचा आवाज फोनवर ऐकू येईनासा झाला होता.

निघायच्या दिवशी वैमानिकानं सगळं तपासून घेतलं आणि मग पूजेला वेळ दिला. गुणाबाईनं आरती ओवाळली, नारळ फोडला. पंख्याखाली हवा आत घेणारं तोंड होतं, तिथं ती वाकली. कुंकू लावत असेल, असं वाटून काशिराम सामान चढवायला गेला. सगळे बसले. इंजिन सुरू झालं, आतून कर्कश खरखर आली, धूर निघाला आणि पंखा थांबला.

इंजिन उघडल्यावर मेकॅनिकनं काशिरामला बाजूला नेऊन हातावर खोबऱ्याचा चुरा आणि वाकलेला चांदीचा रुपया ठेवला. "आतली पाती गेली, शेठ. नवी परदेशातनं येणार." काशिरामला लगेच उमगलं. गुणाबाईच्या माहेरी नवी होडी पाण्यात घालताना तिला खोबरं आणि रुपया देतात. हिनंही विमानाचं तोंड बघून त्याला घास भरवला होता. त्यानं रुपया मुठीत दाबला, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बायकोला सांगितलं, "जुना माल. फसवला मला."

त्यानं दहा ठिकाणी फोन करून दुसऱ्या दिवसासाठी भाड्याचं विमान ठरवलं. पण उजाडायच्या आत जावयाचा फोन आला. भाविका गेली होती.

आता शपथेला जपायला काही उरलंच नव्हतं. गुणाबाई आपण होऊन मोटारीत बसली. खोपोली मागे पडली, घाट लागला. ती रडत नव्हती.

"आवो," ती म्हणाली, "शपथ पाळली तरी गेलीच ना माजी पोर?"

काशिरामचा हात खिशातल्या वाकलेल्या रुपयावर गेला.

"मंग तुमी माजं ऐकलंत कशाला? मला फरफटत का नाय नेलीत?"