जर्दाळूच्या बागेतला जळका टायर

मित्रांनो, माझी एक बाजू जळलेली आहे, म्हणून तोंड फिरवू नका. मी तोक्तोसुनच्या ट्रकचा जुना टायर आहे. बातकेन प्रांतातल्या डोंगरवाटांवर मी जर्दाळूच्या पेट्या वाहिल्या. घाट उतरलो की तोक्तोसुन मला थोपटून म्हणायचा, "शाब्बास रे पठ्ठ्या!" मला फार अभिमान वाटायचा.

मग माझी नक्षी झिजली आणि शाबासकीही संपली. आम्ही टायर कुजत नाही, पुरलं तर वर येतो, भंगारवालाही आम्हाला पाहून नाक मुरडतो. तोक्तोसुनने मला शेजारीण उल्कान आपाच्या बागेच्या कडेला, टायरांच्या ढिगावर फेकलं. आमच्याकडे बहरात थंडीचा कडाका पडला की झाडांमध्ये टायर पेटवायचे. धुराने फुलं वाचतात, असं सगळेच म्हणत. एकट्या राहणाऱ्या आपाचं पोट त्या बागेवरच होतं.

त्या वसंतात पहाटे हिव पडलं. उजाडताच तोक्तोसुनने ढिगाजवळच एक टायर पेटवला.

"अरे, जरा लांब ने की!" आपा ओरडली.

"आपा, दरवर्षी मीच पेटवतो ना? तुम्ही चहा ठेवा."

चहाला उकळी येते न येते तोच वारा फिरला आणि ढीग पेटला. तोक्तोसुनने पाटाचं पाणी ढिगावर सोडलं, तर आमचं वितळलेलं जळतं तेल पाण्यावर तरंगत थेट झाडांकडे निघालं! मी स्वतः जळत होतो, पण जीव बागेसाठी तुटत होता.

"पाणी थांबव, मेल्या! माती टाक, माती!" आपाने कुदळ उचलली. सारी गल्ली धावून आली. दुपारपर्यंत आमच्यावर माती पडत राहिली. कडेची एक ओळ गेली, बाकी बाग वाचली.

तोक्तोसुन काजळल्या तोंडाने मान खाली घालून बसला. आपाने त्याच्यापुढे वाटी ठेवली.

"पी आता. सकाळचाच चहा आहे."

उरलेले टायर त्याने रबरी चटयांच्या कारखान्यात पोचवले. जळका म्हणून मला तिथे कुणी घेतलं नाही. आपाने मला जळालेल्या ओळीत आडवं ठेवलं, मातीने भरलं आणि जर्दाळूचं कलम लावलं.

पुढच्या बहरात पुन्हा हिव पडलं. बागेत आता ओल्या पेंढ्याचा धूर होता. तोक्तोसुन सवयीने माझ्यापाशी थबकला.

"आपा, हा एक उरलाय की!"

"हात तर लावून बघ! त्यात माझं झाड आहे."

मित्रांनो, आम्हाला पेटवू नका, आणि ढीग रचून विसरूही नका. काहीतरी काम द्या, आम्ही अजून दमलेलो नाही. त्या सकाळी माझ्या कलमावर दोनच फुलं होती. ऊन चढलं तरी त्यातलं एकही गळलं नाही.