सेहेचाळीस नंबर

खोदाई मशीनच्या हायड्रॉलिक टाकीतून नळीने ओढलेलं ऑइल थोरल्याने काचेच्या ग्लासात घेतलं आणि ग्लास शेडच्या दारातल्या उन्हात धरला. पिवळं, नितळ. फेस नव्हता, पाणी शिरल्यावर येतो तो दुधीपणाही नव्हता. नाकाशी नेलं, जळका वास नाही. याचाच त्याला जास्त राग आला. इतकं सज्जन दिसणारं ऑइल त्याला पटेना.

"पातळ आहे," तो म्हणाला.

"सेहेचाळीस नंबर आहे, दादा," मिस्त्री म्हणाला. "मशीनच्या पुस्तकात दिलंय तेच."

"पुस्तक मलाही वाचता येतं. टाकीत कुणी काय ओतलं ते पुस्तकात नसतं."

मिस्त्रीने धाकट्या भावाकडे पाहिलं. धाकटा पान्हे पुसत होता, तो पुसतच राहिला. थोरल्याने ती नजर बरोबर टिपली. घरी परतल्यापासून तो अशा नजराच टिपत होता.

तीन महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. आधी दवाखाना, मग घरची खाट. तेवढे दिवस खोदाईचं छोटं मशीन धाकट्याने एकट्याने चालवलं. आता चालणं परत आलं होतं, बोलणं परत आलं होतं. डॉक्टरांनी हलकं काम चालेल म्हटलं, तेव्हा बसून दोन दांडे हलवण्याहून हलकं काम कोणतं ते दाखवा, असं त्याने घरात सगळ्यांना ठणकावलं होतं. चार दिवस तो सीटवर बसत होता आणि चार दिवस मशीन त्याला फसवत होतं. सकाळी बरं चालायचं. दुपार झाली की बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, उचलायला कुरकुर, टोकाचं बकेट वळवायला आळस. ऑइल जाड असेल तर मशीन सकाळच्या गारव्यात रेंगाळतं आणि तापलं की सुटतं. इथे सगळं उलटं होतं. म्हणजे ऑइल पातळ, तापलं की आणखी पातळ होणारं. बत्तीस नंबर, नाहीतर कुठलं तरी भेसळीचं.

शेडच्या मागे त्याला बत्तीस नंबरचा रिकामा डबा सापडलाही होता.

"तो शेजारच्या कारखान्यातल्या लिफ्टचा," धाकटा म्हणाला होता. "झाकण नीट बसतं म्हणून पाण्यासाठी मागून आणला."

उत्तर फार तयार होतं. शिवाय आणखी दोन गोष्टी होत्या. उजव्या दांड्याच्या मुठीवर कुणीतरी रबरी नळी चढवून ती जाड केली होती. आणि सीट. धाकटा त्याच्याहून वीतभर उंच, तरी सीट होती तिथेच, थोरल्याच्या मापाला. तीन महिने याने मशीन चालवलं असतं तर सीट मागे गेली नसती? दिलं असणार कुणा बुटक्या भाडोत्र्याच्या हातात, आणि त्याने ओतलं असणार मिळेल ते. कुठेतरी पाणी मुरत होतं. बायको डबा द्यायच्या निमित्ताने रोज कामावर येऊन तासभर का उभी राहते, तेही त्याला कळत नव्हतं. तिलाही यांनी सामील करून घेतलं असेल तर मग बोलायलाच नको.

"अडुसष्ट टाकू," तो म्हणाला. "जाड असतं. दुपारी टिकेल."

"नाही, दादा," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "पंपावर ताण येईल. माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरा मिस्त्री बोलवा, पण अडुसष्ट मी नाही टाकणार."

"मग सेहेचाळीसच. पण सील मी तोडणार. आणि ओतणार मी."

"तूच ओत," धाकटा म्हणाला.

वाद न घालता मान्य केलं, हेही थोरल्याला खटकलं. पण उद्याचं काम डोक्यावर होतं. शाळेच्या भिंतीलगत चर खणायचा होता आणि तिथेच, हातभर अंतरावर, अख्ख्या वस्तीची पाण्याची मोठी लाइन होती. बकेट क्षणभर उशिरा उचललं तरी लाइन फुटणार. असं नाजूक काम लोक त्याच्याकडेच आणायचे. तेही गेलं तर आपण घरात नुसते खाटेपुरते उरू, अशी भीती त्याला वाटत होती.

जुनं ऑइल पातेल्यात उतरलं. फिल्टर बदलला. नव्या डब्याचं सील त्याने पक्कड लावून डाव्या हाताने तोडलं, नंबर दोनदा वाचला आणि ऑइल गाळणीतून ओतलं. मग मशीन मागच्या मोकळ्या जागेत नेलं आणि तासभर खणत राहिला. मिस्त्री आणि धाकटा भिंतीच्या सावलीत उभे होते.

मशीन चांगलं तापलं. आणि बकेट पुन्हा रेंगाळलं.

थोरल्याच्या तोंडात शिवी आली. आता दोष कुणाचा? सील त्याने तोडलं होतं. त्याने डावा दांडा ओढला. मशीन गर्रकन फिरलं, पुढचा हात चपळाईने आत आला. त्याने उजवा दांडा ओढला. बूम सावकाश उठला, अडखळला, मग उठला. पुन्हा डावा. पुन्हा उजवा.

टाकी एक होती. पंपातून निघणारं ऑइल दोन्हीकडे तेच जात होतं.

मग वाकून त्याने डाव्या हातानेच उजवा दांडा ओढून पाहिला. बूम तात्काळ वर गेला.

त्याने इंजिन बंद केलं. उजव्या हाताची बोटं मुठीवरून सोडवायला त्याला जरा वेळ लागला. रबरी नळीवर बोटं कशी नेमकी बसत होती, ते त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं.

धाकटा जवळ आला.

"ही मूठ कधी जाड केलीस?"

"तू दवाखान्यातून यायच्या आदल्या दिवशी."

"आणि ऑइल बदलू दिलंस."

"तुझी खात्री व्हायला पाहिजे होती."

थोरल्याला रडू येत होतं, पण मिस्त्री बघत होता. मिस्त्री लगेच पातेल्याकडे वळला आणि त्यातलं निर्मळ ऑइल निष्कारण ढवळू लागला.

"ते फेकू नका," थोरला ओरडून म्हणाला. "चांगलं आहे."

मग तो डाव्या हाताचा आधार घेत खाली उतरला.

"उद्या तू बस. मी चरात उभा राहून लाइनवर नजर ठेवतो. हाताने खूण केली की थांबायचं, शहाणपणा करायचा नाही."

"बरं, दादा."

धाकटा चढून बसला. गुडघे दांड्यांना टेकले, तसे त्याने सवयीने ते फाकवून घेतले. थोरला ते बघत राहिला.

"सीट मागे घे," तो म्हणाला.

धाकट्याने सीटखालचा खटका चाचपला. तो गंजून घट्ट बसला होता, हलेना. शेवटी थोरल्याने आत वाकून, डावा हात घालून, त्याच्याबरोबर जोर लावला.